केसपेपरवरील एक ओळ
व्यसनांची विचारपूस, समुपदेशन आणि निदानपरिवर्जन

आयुर्वेदाच्या चिकित्साविचारात निदानपरिवर्जनाला अग्रस्थान आहे. व्याधीचे कारण दूर करावे आणि मग दोष, दूष्य, अग्नी यांचा विचार करून औषधयोजना करावी, हा क्रम महाविद्यालयात शिकलेला प्रत्येक वैद्य जाणतो. तथापि दैनंदिन व्यवसायात या क्रमातील पहिलीच पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते, असे आमचे निरीक्षण आहे. अम्लपित्ताच्या रुग्णाला अविपत्तिकर चूर्ण मिळते, मुखपाकाच्या रुग्णाला खदिरादि वटी आणि इरिमेदादि तेल मिळते, निद्रानाशाच्या रुग्णाला ब्राह्मी आणि अश्वगंधा मिळते. रुग्णाच्या खिशातील तंबाखूची पुडी मात्र जिथे होती तिथेच राहते. पंधरा दिवसांनी रुग्ण तीच तक्रार घेऊन परत येतो आणि औषध लागू पडले नाही असे म्हणतो.

रुग्णाच्या अहितकर सवयींची पद्धतशीर विचारपूस कशी करावी, त्यांबद्दल थोडक्या वेळात समुपदेशन कसे करावे आणि या कामी औषधविक्रेत्यांचा वाटा कोणता, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. तंबाखू आणि मद्य यांवर आम्ही विशेष भर दिला आहे. आहार, व्यायाम, रात्रीजागरण यांनाही हीच पद्धत लागू पडते.

प्रश्नाची व्याप्ती

२०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. स्त्रियांमध्येही १६.६ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः बिडी-सिगारेटचा नसून चुना-तंबाखू, मावा, गुटखा आणि मशेरी यांचा आहे. जो वैद्य केवळ ‘सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारतो, त्याच्या प्रश्नातून बहुसंख्य रुग्ण निसटतात.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा आपल्या व्यवसायाला थेट लागू आहे. आधीच्या बारा महिन्यांत वैद्यकीय व्यावसायिकाकडे गेलेल्या व्यक्तींपैकी, धूम्रपान करणाऱ्या ४८.८ टक्के लोकांना ते सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत हे प्रमाण ३१.७ टक्केच होते. हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत आणि त्यांत सर्व चिकित्सापद्धतींचे व्यावसायिक अंतर्भूत आहेत. तंबाखू खाणारे तीनपैकी दोन रुग्ण चिकित्सकासमोर बसून, नाडी दाखवून, औषध घेऊन घरी गेले आणि त्यांना ‘हे सोडा’ असे कोणीही म्हटले नाही.

नवी मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न अनेक रूपांनी समोर येतो. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पहाटेपासून राबणारे माथाडी कामगार, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील पाळीवर काम करणारे तंत्रज्ञ, न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे ट्रकचालक, महापे-ऐरोलीच्या संगणक कंपन्यांतून रात्रपाळी करणारे तरुण आणि मूळ गावठाणांतील आगरी-कोळी कुटुंबांतील मशेरी लावणाऱ्या वयस्क स्त्रिया, असे सर्व एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात. प्रत्येकाची सवय निराळी, तिचे प्रयोजनही निराळे.

दोन मिनिटांच्या सल्ल्याने काय होते?

‘सांगून कोणी सोडत नाही, मग वेळ का दवडावा?’ हा आक्षेप आम्ही अनेक वैद्यबंधूंकडून ऐकला आहे. याचे उत्तर १९७९ साली लंडनमध्ये मायकेल रसेल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडते. २८ सामान्य चिकित्सकांकडे येणाऱ्या २१३८ सिगारेट ओढणाऱ्यांचा त्यात समावेश होता. चिकित्सकाने एक-दोन मिनिटे सल्ला दिला, हाती एक पत्रक दिले आणि पुढे विचारपूस होईल असे सांगितले, त्या गटातील ५.१ टक्के लोक वर्षअखेर सिगारेटपासून दूर होते. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होते.

पाच टक्के हा आकडा प्रथमदर्शनी किरकोळ वाटतो. परंतु वर्षभरात चारशे तंबाखूसेवी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यात त्याचा अर्थ वीस माणसे असा होतो. लंडनचे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लागू होईल असे आमचे म्हणणे नाही. मात्र इतक्या अल्प खर्चात इतके फळ देणारी दुसरी चिकित्सा आपल्या औषधपेटीत क्वचितच असेल.

भारतातही याला आधार आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखूसेवी ग्रामस्थांवर प्रबोधनाचा मोठा प्रयोग हाती घेतला. प्रत्यक्ष भेटीतील समजावणी आणि लोकमाध्यमे यांच्या साहाय्याने तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडातील कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले, असे त्यातून दिसून आले.

प्रश्नपरीक्षा : काय विचारावे, कसे विचारावे

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत प्रश्नाचे स्थान आपण मानतो. तेव्हा व्यसनांची विचारपूस ही परक्या शास्त्रातून आणलेली गोष्ट मानण्याचे कारण नाही. फक्त तिला केसपेपरवर निश्चित जागा हवी. वजन, नाडी, मल, मूत्र, निद्रा यांच्या रांगेत ‘तंबाखू / सुपारी / मद्य’ अशी एक छापील ओळ असावी आणि ती प्रत्येक रुग्णासाठी भरली जावी. सर्वांनाच विचारले जाते म्हटल्यावर कोणालाही आपल्यावर संशय घेतल्यासारखे वाटत नाही.

प्रश्नाची भाषा रुग्णाची असावी. मशेरी लावणाऱ्या स्त्रीला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. तिला ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असे विचारावे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंदी असल्याने काही रुग्ण त्याचे नाव घेण्यास कचरतात. त्यांना ‘पुडी, मावा, सुपारी असे काही तोंडात ठेवता का?’ असा मोकळा प्रश्न सोयीचा पडतो. पुढचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे : ‘सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला बार लागतो?’ अर्ध्या तासाच्या आत लागत असल्यास निकोटिनवरील अवलंबित्व तीव्र आहे असे समजावे आणि अधिक साहाय्याची तयारी ठेवावी.

ही विचारपूस एकांतात व्हावी. पडद्यापलीकडे सासू बसलेली असताना सून मशेरीबद्दल बोलणार नाही आणि वडिलांसमोर मुलगा सिगारेटबद्दल बोलणार नाही. सोबतच्या व्यक्तीस दोन मिनिटे बाहेर बसण्यास सांगणे हा वैद्याचा अधिकार आहे. रुग्णाने सांगितलेले गुपित राखणे हे त्याचे कर्तव्य आहे.

मद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतील पहिले तीन प्रश्न पुरेसे ठरतात : किती वेळा घेता, घेता त्या दिवशी किती माप घेता, आणि एकाच बैठकीत सहा वा अधिक मापे किती वेळा होतात. प्रत्येक प्रश्नास ० ते ४ गुण असून एकूण १२ पैकी पुरुषांत ४ आणि स्त्रियांत ३ वा अधिक गुण आल्यास सेवन धोक्याचे समजतात. येथे ‘माप’ म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे रुग्ण ‘एक क्वार्टर’ असे सांगतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मि.लि. मद्यात सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सहा मापे असतात. ‘फक्त शनिवारी एक क्वार्टर’ म्हणणाऱ्या रुग्णाचे या हिशेबाने ७ गुण होतात. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडला, तर उपदेशाच्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे.

जिव्हापरीक्षेसोबत मुखपरीक्षा

अष्टविध परीक्षेत जिव्हापरीक्षा आपण करतोच. रुग्णाने तोंड उघडलेलेच असते. त्याच वेळी टॉर्चच्या प्रकाशात दोन्ही गालांची आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग पाहावा. घासून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल डाग, गाठ, दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारा व्रण, किंवा रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जाऊ नयेत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ गंडूष-कवल आणि वटी देऊन रुग्णास थांबवू नये. असा व्रण औषधाने वरवर शमल्यासारखा वाटला तरी मोलाचा काळ हातातून जातो. महापालिकेची वाशी, नेरूळ व ऐरोली येथील रुग्णालये आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आपल्या रुग्णांच्या आवाक्यात आहेत. तिकडे लेखी चिठ्ठी देऊन पाठवावे आणि रुग्ण तेथे पोहोचला की नाही याची चौकशी करावी.

पाच पायऱ्या

आधुनिक समुपदेशनात पाच पायऱ्यांचा क्रम रूढ आहे : विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, तयारी जोखणे, साहाय्य करणे आणि पुढील भेट ठरवणे. त्यांतील सल्ला छोटा, निःसंदिग्ध आणि त्याच रुग्णाच्या त्याच तक्रारीशी जोडलेला असावा. ‘तंबाखू वाईट’ हे सर्वांना ठाऊक असते. ‘तुमची ही छातीतील जळजळ तंबाखूमुळे वाढते आहे, ती थांबल्याखेरीज माझे औषध पुरेसे काम करणार नाही’ हे वाक्य मात्र रुग्णाच्या मनात घर करते. गर्भिणीस सांगताना मुंबईतील अभ्यासाचा दाखला द्यावा. नवी मुंबईत स्थापन झालेल्या हीलिस-सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गर्भिणींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते, असे त्यात आढळले. बाळासाठी माता जे सोडते, ते स्वतःसाठी सहसा सोडत नाही.

भीती घालणे आणि खडसावणे यांनी रुग्ण सवय सोडत नाही, दवाखाना सोडतो. तयारी नसलेल्या रुग्णास ‘ठीक आहे, पुढच्या वेळी पुन्हा बोलू’ एवढेच म्हणून केसपेपरवर नोंद करावी. तयारी असलेल्यास तारीख ठरवून द्यावी.

प्रयोजन शोधावे

धी, धृती आणि स्मृती यांच्या विभ्रंशातून घडणारा प्रज्ञापराध हे व्यसनाचे मूळ आपण मानतो. परंतु रुग्णाच्या लेखी सवयीला काहीतरी उपयोग असतो. तो ओळखल्याखेरीज सवय सुटत नाही. मशेरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया सांगतात की तिच्याशिवाय शौचास होत नाही. अशा वेळी रात्री गंधर्वहरीतकी आणि सकाळी कोष्ण जल यांची योजना केली, तर मशेरीचा आधार निम्मा कमी होतो. ट्रकचालक तंबाखू झोप टाळण्यासाठी खातो, हमाल भूक मारण्यासाठी खातो. त्यांना विश्रांतीच्या वेळा व सकाळचा सकस आहार यांविषयी सांगावे लागते. दातदुखीवर मशेरी लावणाऱ्यास दंतवैद्याकडे पाठवावे.

येथे दोन युक्तिवादांची उत्तरे तयार ठेवावीत. ‘तांबूल तर आयुर्वेदातच सांगितले आहे’ असे सुपारीचे समर्थन रुग्ण करतात. दिनचर्येतील मर्यादित तांबूलसेवन आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांत महदंतर आहे. शिवाय जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसही निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. तसेच संहितोक्त धूमपान हे औषधी द्रव्यांचे, ठरावीक काळी आणि विशिष्ट प्रयोजनासाठी करावयाचे कर्म आहे. तंबाखू संहिताकाली भारतात नव्हतीच. ती सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांबरोबर आली.

पादांशिक क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेल्या अहितकर गोष्टींचा त्याग आणि हितकर गोष्टींचा स्वीकार कसा करावा, याचा स्पष्ट विधी आहे. अहिताचा चौथा हिस्सा कमी करावा, त्याच्या जागी हिताचा चौथा हिस्सा आणावा आणि एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत पुढे जावे, असा तो पादांशिक क्रम आहे. दिवसाला आठ पुड्या खाणाऱ्यास सहा, चार, दोन आणि शून्य असा तक्ता लिहून देता येतो. कमी झालेल्या प्रत्येक वेळेसाठी बडीशेप, ओवा, लवंग किंवा आवळकाठी द्यावी. ज्येष्ठमधाची काडीही उपयोगी आहे, मात्र उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ती सतत चघळण्यास देऊ नये. सुगंधी सुपारी हा पर्याय कदापि सुचवू नये.

या क्रमाला अखेरची तारीख असणे अत्यावश्यक आहे, अन्यथा रुग्ण ‘चार पुड्यांवर’ कायमचा थांबतो. ज्याची एकदम सोडण्याची तयारी आहे, त्यास क्रमाचा आग्रह धरू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ६९७ धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासात, एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर टिकून होते, तर दोन आठवड्यांत कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के टिकले. युक्तीचा निर्णय सत्त्व आणि सात्म्य पाहूनच करावा, हे आपले सूत्र येथेही उपयोगी पडते. सोडल्यावरचे पहिले तीन-चार दिवस चिडचिड, अस्वस्थता, शिरःशूल आणि निद्रानाश होईल हे आधीच सांगावे. तिसऱ्या दिवशी एक दूरध्वनी आणि आठव्या दिवशी एक भेट ठरवावी. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क तंबाखूमुक्ती सेवा मराठीतही समुपदेशन करते. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

मद्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणारा, सकाळी हात थरथरणारा, पूर्वी सोडताना झटके आलेला किंवा भ्रम झालेला रुग्ण घरच्या घरी एकदम थांबल्यास दोन-तीन दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला रुग्णालयातच पाठवावे. व्यसनमुक्तीसाठी १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आपल्या परिचयाचे आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा शासकीय क्रमांक उपलब्ध आहे. शिवाय मद्य सोडलेल्या रुग्णास आसव-अरिष्टे देऊ नयेत. त्यांतील स्वयंजनित मद्यांश अल्प असला तरी तृष्णा जागी करण्यास पुरतो. त्याऐवजी क्वाथ, चूर्ण वा वटी यांची योजना करावी.

औषधविक्रेत्यांची भूमिका

आयुर्वेदीय औषधालयाचे मालक या साखळीत वैद्याइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण अनेक रुग्ण वैद्याकडे न जाता थेट त्यांच्याकडे येतात. खदिरादि वटीची डबी तिसऱ्यांदा मागणाऱ्या ग्राहकास ‘तोंडातील व्रण किती दिवसांचा आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी एखाद्याचे प्राण वाचू शकतात. आसवांच्या बाटल्या वारंवार व मोठ्या प्रमाणात नेणाऱ्याकडेही लक्ष असावे. अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रसासारख्या कल्पांचे अवलंबित्व जडलेले रुग्ण उत्तर भारतातील मनोविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. असे कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून कोणासही देऊ नयेत.

दंतमंजनाबाबत कायदा स्पष्ट आहे. तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्टच्या निर्मिती व विक्रीस केंद्र शासनाने १९९२ साली मनाई केली. आयुर्वेदीय उत्पादन असल्याच्या आधारावर या मनाईला आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती कायम ठेवली. आयुर्वेदाच्या नावाखाली तंबाखू विकली जाऊ नये, ही जबाबदारी आपल्याच व्यवसायाची आहे.

समारोप

वैद्यबंधू-भगिनींनी पुढील छपाईच्या वेळी केसपेपरवर ‘तंबाखू / सुपारी / मद्य’ ही एक ओळ घालावी आणि तीन महिने ती प्रत्येक रुग्णासाठी भरावी, अशी आमची विनंती आहे. किती रुग्णांना विचारले, किती जणांचे सेवन आढळले, कितींना सल्ला दिला, किती पुन्हा आले आणि कितींनी सोडले, एवढ्या पाच आकड्यांची नोंद ठेवली तरी पुरे. तिमाहीअखेर ते आकडे शाखेच्या बैठकीत एकत्र मांडले, तर आपल्या चिकित्सालयांतून प्रत्यक्ष काय घडते ते समजेल. औषधालयांच्या मालकांनी तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक बिलाच्या पाठीमागे छापावा. या साऱ्यास खर्च नगण्य आहे आणि वेळ प्रत्येक रुग्णामागे दोन मिनिटांचा आहे.